'माथेफिरू', 'समाजकंटक', 'दहशतवादी' : नेतेमंडळी हे शब्द कुठल्या हिशोबाने वापरतात?

खडूफळा

नमस्कार मंडळी. एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवतो. परवा अकरावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, सर गांधीजींना मारणारा माथेफिरू, मुंबईत बॉम्ब ठेवणारे दहशतवादी आणि मोर्चात एसट्या फोडणारे समाजकंटक, असं का? राजकारणासाठीच केलं ना सगळ्यांनी? मी हेतू, साधनं, संघटन वगैरे जे तोंडाला आलं ते बोललो, तेवढ्यात बेल झाली म्हणून सुटलो. पण घरी आल्यावर जेवताना पण तेच डोक्यात.

म्हणून जरा शोधाशोध केली. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री नेहरू रेडिओवर जे बोलले त्यात 'एका वेड्या माणसाने' असा शब्द आहे, मी त्याला वेडाच म्हणू शकतो असंही आहे, पण लगेच पुढे ते म्हणतात की गेली काही वर्षं या देशात विष पसरवलं गेलंय आणि त्या विषाचा परिणाम झालाय. म्हणजे एकाच दमात दोन्ही गोष्टी. आमच्या लक्षात काय राहिलं तर पहिला भाग. वेडा, माथेफिरू. विषाचा भाग गळून गेला. आणि बरोबर पाच दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, संघावर बंदी आली, म्हणजे सरकारला तरी ते एका वेड्याचं काम वाटत नव्हतं हे उघड आहे.

आणि आपल्या मराठीत तर अजून एक पंचाईत आहे. गांधीहत्या म्हणायचं, गांधीवध म्हणायचं की सरळ खून? वध कोणाचा होतो, कंसाचा, कीचकाचा, अफझलखानाचा. म्हणजे 'वध' म्हटलं की मेलेला माणूस राक्षस ठरला, पुढे काही सिद्ध करायची गरजच नाही. हत्या म्हटलं की पाप, गोहत्या ब्रह्महत्येच्या ओळीत जाऊन बसतं. आणि खून म्हटलं की पोलीस पंचनामा. इंग्रजीवाल्यांना एवढी सोय नाही बहुतेक. आमच्या स्टाफरूममध्ये एक जण सहज बोलता बोलता वध म्हणतात, त्यांच्या मनात काहीही नसतं, घरात ऐकलेला शब्द आहे, पण म्हणून तो शब्द निर्दोष होतो का?

तर प्रश्न असा की घटना घडल्यावर नेता कुठला शब्द उचलतो ते कशावरून ठरतं? काही नियम आहे की आपला-परका एवढंच? पक्षांची धुणी इथे धुवू नका प्लीज, सगळ्यांचीच मळलेली आहेत.

झणझणीत_तर्री

आला का अजून एक फुरोगामी धागा 😀 'भगवा दहशतवाद' हा शब्द कोणी जन्माला घातला ते लिहायला विसरलात वाटतं सर. २०१० ला चिदंबरम, २०१३ ला जयपूरला सुशीलकुमार शिंदे, दोघंही देशाचे गृहमंत्री असताना. ते पण शिकवा अकरावीला.

शिळी_बातमी

तर्रीसाहेब तो मुद्दा येईलच, घाई करू नका.

मी सत्तावीस वर्षं एका दैनिकात डेस्कवर होतो, आता रिटायर. खडूफळा, तुमचा प्रश्न आमच्याकडे रोज रात्री साडेदहाला यायचा, कारण बातमीदार काहीतरी पाठवणार, पोलिसांची प्रेसनोट काहीतरी सांगणार, पालकमंत्री तिसरंच बोलणार आणि मथळ्यात जागा तीन शब्दांची. मला नामापेक्षा क्रियापद जास्त छळायचं. तुम्ही सगळे माथेफिरू की दहशतवादी यावर भांडता पण खरी गंमत क्रियापदात आहे. दगडफेक झाली. जाळपोळ झाली. दंगल उसळली. हिंसाचार भडकला. यात कर्ता दिसतोय का कुठे? दंगल उसळली म्हणजे जशी समुद्रात लाट उसळते, दूध उतू जातं, तसं, कोणी काही केलंच नाही. मराठीत हे इतकं सहज बसतं की लिहिणाऱ्याला पण कळत नाही आपण कोणाला तरी सोडून दिलंय. नेत्यांना हे व्याकरण चांगलं पाठ असतं, त्यांना कोणी शिकवलं नसेल तरी. स्वतःच्या बाजूचा हिंसाचार कायम 'होतो', समोरच्याने मात्र तो 'घडवून आणलेला' असतो.

राजीव गांधींचं १९ नोव्हेंबर १९८४ चं बोट क्लबवरचं वाक्य आठवा, मोठं झाड पडलं की जमीन हादरतेच. शीख माणसं रस्त्यावर जाळली गेली होती आणि वाक्यात कर्ता कोण, तर झाड. आणि जमीन. माणूसच नाही वाक्यात.

बाय द वे वध शब्दावरून सरकार-दरबारी खटला आपल्याकडे जुना आहे. १८९७ च्या जूनमध्ये केसरीत शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने अफझलखानाला मारणं योग्य होतं की नाही यावर लिहून आलं, १५ जूनला, आणि आठवड्याने २२ जूनला पुण्यात चाफेकरांनी रँडला गोळी घातली. सरकारने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या आणि टिळकांना दीड वर्षाची सजा झाली. आपल्या लेखी चाफेकर क्रांतिकारक, इंग्रजांच्या कागदात खुनी.

अवांतर: 'दहशतवादी' शब्दाचाही रंग बदललाय. भगतसिंगांना 'क्रांतिकारी दहशतवादी' म्हटलेलं दिल्ली विद्यापीठातलं एक जुनं इतिहासाचं पुस्तक होतं, वर्षानुवर्षं पोरं वाचत होती, २०१६ ला कोणाच्या तरी डोळ्यावर आलं आणि संसदेत गदारोळ. लिहिणाऱ्याने शिवी म्हणून लिहिलंच नव्हतं ते. पण मधल्या काळात शब्दच नासला.

काळा_कोट

वकील आहे, फौजदारी बाजू बघतो, म्हणून कायद्याच्या अंगाने चार ओळी (चाळीस होतील).

पहिलं म्हणजे 'समाजकंटक', 'माथेफिरू' हे शब्द कुठल्याही कायद्यात नाहीत, ते फुकटचे शब्द आहेत, नेता कितीही वेळा वापरू शकतो काही बिघडत नाही. 'दहशतवादी' तसा नाही. तो शब्द वापरला की त्याच्या मागे आख्खं दुकान उघडतं, जामीन जवळपास बंद, चार्जशीटला जास्त मुदत, एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा येऊ शकते. दहशतवादविरोधी कायदे म्हणजे आधी टाडा होता १९८५ पासून, मग २००२ ला पोटा, तो गेला २००४ ला आणि त्यातलं बरंचसं सामान यूएपीएत (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) हलवलं. २०१९ ला त्यात अशी दुरुस्ती आली की संघटना सोडा, एकट्या माणसाला पण सरकार दहशतवादी जाहीर करू शकतं. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ११३ आलंय, तिथे पण दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे, यूएपीए लावायचा की ११३ ते एसपी दर्जाचा अधिकारी ठरवणार. म्हणजे एकाच कृत्याला कुठलं नाव द्यायचं हा खरोखरचा चॉइस आहे आणि तो कोर्टात जायच्या आधीच कोणीतरी करून मोकळं झालेलं असतं.

मुंबईचं उदाहरण घ्या, याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या आकड्याप्रमाणे ९०० माणसं मेली. १२ मार्च ९३ च्या स्फोटांत २५७. स्फोटांना टाडा लागला, खास कोर्ट, १०० जण दोषी ठरले. दंगलीच्या बहुतेक केसेसना साधं आयपीसी, बऱ्याच केसेस तर पुरावा नाही म्हणून फाइल बंद. एकाला 'हल्ला' म्हटलं दुसऱ्याला 'दंगल' म्हटलं तिथेच अर्धा निकाल लागला होता. आयोगाला पुढे स्फोटांचा पण विचार करायला सांगितलं आणि दोन्हींत कार्यकारणाचा धागा दिसतो असं आयोगाने लिहिलं, पण आयोगाचा अहवाल कोण वाचतो. मधे जानेवारी ९६ ला तर युती सरकारने आयोगच गुंडाळला होता, मग मे महिन्यात परत चालू केला.

आता तर्रीसाहेबांचा मुद्दा. बरोबर आहे, टाळायचा नाही. मालेगावचा बॉम्बस्फोट, २९ सप्टेंबर २००८, सहा माणसं गेली. ३१ जुलै २०२५ ला विशेष कोर्टाने सातही जणांना सोडलं. कोर्टाने स्पष्ट म्हटलं की दहशतवादाला धर्म नसतो आणि नुसत्या समजुतीवर कोणाला दोषी धरता येत नाही. यूएपीए लावायची जी मंजुरी लागते तीच सदोष निघाली. म्हणजे गृहमंत्र्यांनी तपास आणि खटला चालू असताना जो शब्द जगभर फिरवला त्याला शेवटी कोर्टात पाय राहिले नाहीत. शिंदेंनी २०१३ लाच फेब्रुवारीत खेद व्यक्त केला होता, संसदेचं अधिवेशन अडायला नको म्हणून.

पण थांबा, दुसरी बाजू पण ऐका. दहाच दिवस आधी २१ जुलैला हायकोर्टाने ७/११ च्या (११ जुलै २००६) मुंबई लोकल स्फोटांतल्या बाराही आरोपींना सोडलं होतं. तेव्हा मुख्यमंत्री फडणवीस म्हणाले धक्कादायक, आणि राज्य सरकार ताबडतोब सुप्रीम कोर्टात गेलं. मालेगावच्या निकालावर म्हणाले, आतंकवाद भगवा कधी नव्हता, नाही आणि राहणार नाही. दोन्ही ठिकाणी पुरावा टिकला नाही, दोन्ही ठिकाणी मेलेल्यांना न्याय मिळाला नाही, मग स्फोट केले कोणी हा प्रश्न दोन्ही ठिकाणी तसाच. पण एका निकालाने आपण हळहळायचं आणि दुसऱ्याने पेढे वाटायचे हे शब्दांनी आधीच ठरवलेलं होतं.

आणि त्याच दिवसांत पृथ्वीराज चव्हाण काय बोलले तेही बघा, ते म्हणाले भगवा म्हणू नका, भगवा शिवाजी महाराजांचा, वारकऱ्यांचा, म्हणायचंच तर सनातनी म्हणा नाहीतर हिंदुत्ववादी म्हणा. लगेच त्यावरून नवीन वाद. मुद्दा काय, त्यांना महाराष्ट्रात मतं मागायचीत आणि इथे भगव्याला हात लावणं परवडत नाही. चिदंबरम तमिळनाडूचे, त्यांना तो रंग म्हणजे नुसता रंग.

झणझणीत_तर्री

शेवटचा परिच्छेद पटला. बाकी ७/११ आणि मालेगाव एका तागडीत तोलणं पटलं नाही पण जाऊ दे, निदान शिंदेंचं नाव तरी घेतलंत, एवढंच बस्स.

प्रेसनोट_पाडू

नाव सांगणार नाही, पक्ष सांगणार नाही, तीन वेगवेगळ्या पक्षांच्या लोकांना भाषणं आणि निवेदनं लिहून दिलीत, त्यातल्या दोघांनी पैसे बुडवले. खडूफळा सरांनी 'नियम आहे का' विचारलंय तर ऐका, आहे.

घटना घडली की पहिल्या तासात एकच शब्द, 'दुर्दैवी'. का, तर अजून कळलेलं नसतं मारणारा कोणाचा आणि मेलेला कोणाचा. दुर्दैवी म्हणजे दैवाने केलं, म्हणजे कोणीच नाही केलं, त्यामुळे नंतर काहीही निघालं तरी आपण अडकत नाही. मग फोनाफोनी होते. मारणारा समोरच्याचा निघाला तर 'निंदनीय', आणि मग 'भ्याड', आणि संध्याकाळपर्यंत 'पुरोगामी महाराष्ट्राला काळिमा फासणारी'. शाहू फुले आंबेडकर येतातच. मारणारा आपला निघाला तर दुर्दैवीवरच मुक्काम, फार तर 'कायदा कोणीही हातात घेऊ नये'. आपलाच आहे आणि लोकांना पण आवडलंय असं दिसलं तर 'भावनांचा उद्रेक', 'उत्स्फूर्त प्रतिक्रिया', 'तरुणांच्या भावना तीव्र आहेत'.

आणि कोणाचा आहे ते कळलं पण बोलायची सोय नाही, म्हणजे तो समाज मोठा आहे, मतं आहेत, अशा वेळी काय? तेव्हा 'समाजकंटक'. नाहीतर 'बाहेरून आलेले लोक'. महाराष्ट्रातली कुठलीही दंगल काढा, गावातला कोणी नव्हताच, सगळे बाहेरचे. इतके बाहेरचे लोक राहतात तरी कुठे देव जाणे. याच्या जोडीला 'बोलविता धनी कोण हे शोधलं पाहिजे'. बोलविता धनी हा फार उपयोगी माणूस, तो कधी सापडत नाही.

दुखावेल कोणाला पण सांगतो, ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड माजलगावला आमदारांची घरं पेटवली तेव्हा सगळ्या पक्षांच्या निवेदनांत हीच कसरत होती. आंदोलन चुकीच्या दिशेला जातंय असं म्हणायचं, पण आंदोलकांनी केलं असं म्हणायचं नाही. मी तेव्हा एकाला लिहून दिलेल्या नोटमध्ये 'काही अपप्रवृत्ती' घातलं होतं. अपप्रवृत्ती! माणूस पण नाही, प्रवृत्ती येऊन घर जाळून गेली. साहेब खूश.

आणि शेवटचा प्रकार गंमतीचे शब्द. राडा. चोप दिला. प्रसाद दिला. खळ्ळ खट्याक. कानाखाली आवाज काढला. याच्यात रक्त आहे असं वाटतच नाही, कोणीतरी तमाशात ढोलकी वाजवतंय असं वाटतं. टॅक्सीवाल्याचं डोकं फुटलेलं असतं आणि बातमीत काच फुटल्याचा आवाज. हे शब्द नुसते लपवायला नसतात, त्याने पोरं जमतात पण.

मिरची_भजी

'अपप्रवृत्ती येऊन घर जाळून गेली' 😂😂 चहा सांडला कीबोर्डवर

वैनगंगाकाठ

गडचिरोली जिल्ह्यातला हाव. तुमी सगळे पुणे-मुंबईचं बोलून राहिले म्हणून इकडचं सांगतो.

आमच्या जिल्ह्याला सरकारी कागदात काय म्हणतात तर 'नक्षलग्रस्त'. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त तसंच नक्षलग्रस्त, जसं काही आभाळातून पडलं. दिल्लीच्या गृहखात्यात त्याचंच नाव 'डावा उग्रवाद', त्याच्यासाठी २००६ पासून वेगळा विभागच आहे, आणि त्याच वर्षी मनमोहनसिंग म्हणाले होते की देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका हाच. मुंबईच्या पेपरात 'माओवादी', टीव्हीवर 'नक्षली', आणि गावात लोक काय म्हणतात तर 'जंगलवाले' नाहीतर 'दादालोक'. गावात कोणी नक्षलवादी म्हणत नव्हता तेव्हा, कारण कोण ऐकून राहिला ते माहीत नाही. बोलणाऱ्याने शब्द निवडला तो राजकारण म्हणून नाही, जीव वाचवायला. याच्यावर पण विचार करा.

दोन्हीकडून माणूस मारला की शब्द तयार असायचा. त्यांनी मारला तर चिठ्ठी ठेवायचे, 'पोलिसांचा खबऱ्या'. खबऱ्या म्हटलं की संपलं, त्याच्या घरी सांत्वनाला पण कोणी जायचा नाही. इकडून मारला तर पेपरात 'चकमकीत कंठस्नान घातलं'. एप्रिल २०१८ ला भामरागडकडे बोरिया-कसनासूरला ४० जण मेले तेव्हा हाच शब्द किती ठिकाणी वाचला. कंठस्नान, म्हणजे आंघोळ घातली! आणि १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला सुरुंग लावून १५ पोलीस आणि एक ड्रायव्हर उडवला, त्याला तिकडचे 'कारवाई' म्हणाले. एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली का माहीत नाही, 'शहीद' शब्द दोन्हीकडे सेम आहे. २८ जुलै ते ३ ऑगस्ट तिकडच्यांचा शहीद सप्ताह, त्या आठवड्यात आमच्याकडे एसटी बंद राहायची, आणि पोलिसांचे पण शहीदच.

बाजूच्या छत्तीसगडात २००५ ला सलवा जुडूम निघालं, नाव काय तर शांतीची मोहीम. त्यात गावंच्या गावं खाली झाली, अठरा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका दिल्या, २०११ ला सुप्रीम कोर्टाने बंद करायला लावलं. नाव बघून कोणाला कळलं असतं का?

आता नवीन शब्द 'आत्मसमर्पण' आणि 'मुख्य प्रवाह'. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने ६० जणांसोबत मुख्यमंत्र्यांसमोर गडचिरोलीत बंदूक ठेवली. सरकार म्हणते आत्मसमर्पण, त्याच्याच पार्टीतले मागे राहिलेले म्हणाले गद्दार, आणि तो स्वतः म्हणतो सशस्त्र लढा थांबवला. आमचे चहाच्या टपरीवरचे मास्तरलोक वेगळ्याच चिंतेत, जिल्हा नक्षलमुक्त जाहीर झाला तर नक्षलग्रस्त भागाची वाढीव पगाराची सवलत राहते का जाते 😄

काळा_कोट

वैनगंगाकाठ, जबरदस्त. यात एक जोडतो. जुलै २०२५ मध्ये जे जनसुरक्षा विधेयक पास झालं, त्याच्या पहिल्या मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटनांची बेकायदेशीर कृत्ये' असं होतं. बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या, संयुक्त समितीने बदल केला आणि आता शब्द आहेत 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना'. लोक खूश की व्यक्ती शब्द गेला. पण 'कडव्या' म्हणजे किती कडव्या आणि 'तशा प्रकारच्या' म्हणजे कशा प्रकारच्या, हे कोण ठरवणार? आणि कडवं उजवं का नाही? विधानसभेत माकपचे विनोद निकोले एकटे विरोधात उभे राहिले, बाकीच्यांनी आवाजी मतदानात गप्प बसणं पसंत केलं. एकदा विशेषण कायद्यात शिरलं की ते काढायला पिढी जाते.

उलट प्रकार पण आहे. 'टुकडे टुकडे गँग' हे शब्द गृहमंत्र्यांपासून सगळ्यांनी सभांत वापरले, जानेवारी २०२० मध्ये कोणीतरी माहिती अधिकारात गृहखात्याला विचारलं तर उत्तर आलं, अशा गँगची आमच्याकडे काही माहिती नाही. सभेतली गँग फायलीत नाही!

एडिसनची_वहिनी

न्यू जर्सीतून. तुम्हाला वाटत असेल हे आपल्याकडेच, तर इथे ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेत लोक घुसले ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर लाइव्ह बघितलं, मुलीची ऑनलाइन शाळा चालू होती शेजारच्या खोलीत. त्याच एका दुपारची नंतर नावं किती झाली बघा, कोणी बंड म्हणालं, बायडेन देशांतर्गत दहशतवादी म्हणाले, वर्षभराने रिपब्लिकन पक्षाच्या ठरावात 'रास्त राजकीय चर्चा' अशा अर्थाचे शब्द आले, आणि ट्रम्प २०२४ ला म्हणाले तो प्रेमाचा दिवस होता. टेड क्रूझ नावाचे सिनेटर आहेत, त्यांनी चुकून 'दहशतवादी हल्ला' म्हटलं तर त्यांच्याच बाजूच्या चॅनेलवर जाऊन शब्द गबाळा होता म्हणून नाक घासावं लागलं. तुरुंगातल्यांना 'ओलीस' म्हणायला लागले आणि २० जानेवारी २०२५ ला दीड हजारांच्या आसपास लोकांना माफी. ओलिसांना सोडवायचंच असतं ना, मग काय.

गंमत म्हणजे इथल्या कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे २००१ पासून, पण त्या नावाचा वेगळा गुन्हाच नाही, आरोप दुसऱ्या कलमांखाली लावतात. म्हणजे शब्द आहे तो मुख्यतः भाषणासाठी. काळा कोट यांच्या उलट झालं की नाही हे?

कृष्णाकाठची

नेहमी वाचनमात्र असते. आज लिहिते.

सुरुवातीला सरांनी ४८ सालाचा विषय काढला म्हणून. आमचं आजोळ सातारा जिल्ह्यातलं, नदीकाठचं. गांधीजी गेल्याची बातमी आली आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमचा वाडा जाळला. मारणारा ब्राह्मण होता म्हणून. सातारा सांगली कोल्हापूर पट्ट्यात कितीतरी घरं गेली तशी, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ गेला. आजी त्याला 'जळीत' म्हणायची. जळिताच्या आधी, जळिताच्या नंतर. तुमच्या शिळी बातमी काकांनी लिहिलं तसं, जळीत, कर्ता नाही. सरकारी कागदात आम्ही 'जळीतग्रस्त'. वैनगंगाकाठच्या दादांचं 'ग्रस्त' वाचून एकदम हलले मी.

पण गंमत बघा, आजी स्वतःच हा शब्द वापरायची आणि तिला नावं सगळी माहीत होती. रॉकेलचा डबा कोणी आणला, कोणाच्या दुकानातून, कोणी म्हैस सोडून दिली म्हणजे ती जळू नये. म्हैस सोडणारा आणि डबा आणणारा एकाच घरातले दोन भाऊ होते. नंतर त्याच गावात शेत होतं, त्याच विहिरीवर पाणी. 'जळीत' म्हटलं की त्यांच्याशी बोलता यायचं. 'तुम्ही जाळलंत' म्हटलं असतं तर गाव सोडावं लागलं असतं, शेवटी सोडलंच म्हणा ५२ साली. त्यामुळे मला नेत्यांचा राग येतो पण आजीचा नाही येत, दोघांनी एकच युक्ती केली तरी.

आणि हो, आमच्याकडेही माजघरात काही जण 'वध' म्हणायचे, घर जळालेलं असताना. आजोबा उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसायचे तेव्हा.

शिळी_बातमी

ताई, तुमच्यावर काय लिहू. 'काही जाळपोळीचे प्रकार घडले' असं वाक्य मी शेकडो वेळा पास केलंय.

प्रेसनोट_पाडू

खरंय. ज्याची सत्ता आहे त्याने 'झालं' म्हणणं आणि ज्याला त्याच गावात राहायचंय त्याने 'झालं' म्हणणं, फरक आहे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणालाही गावात राहायचं नसतं, मुंबईला फ्लॅट असतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, तर्रींचेही आभार कारण त्यांच्यामुळे मालेगाव आलं.

काळा कोट, दाभोलकरांचं राहून गेलं बघा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणाले गांधीजींना मारणारी प्रवृत्तीच याच्यामागे आहे. म्हणजे ४८ ला नेहरूंच्या भाषणातला जो अर्धा भाग गळाला होता, तो ६५ वर्षांनी दुसऱ्या एकाने उचलला. आणि मे २०२४ चा निकाल काय, गोळ्या घालणारे दोघं जन्मठेपेला, बाकीचे तिघं सुटले, कट आणि यूएपीए सिद्ध झालं नाही. परत दोन माणसांवर येऊन थांबलं. प्रवृत्तीवर खटला भरता येत नाही हे खरं, पण मग त्या शब्दाने नेमकं काय मिळालं, मला अजून कळलेलं नाही.

आज वर्गात एक प्रयोग केला. जुन्या पेपरांची कात्रणं वाटली आणि सांगितलं की 'दगडफेक झाली', 'वाहनं पेटली', 'तणाव निर्माण झाला' असली वाक्यं कर्ता घालून परत लिहा. पहिल्यांदा पोरांना गंमत वाटली. एकाने 'तणावाने तणाव निर्माण केला' लिहिलं, त्याला शाबासकी दिली. मागच्या बाकावरचा एक बराच वेळ पेन धरून नुसता बसला होता. त्याच्याकडे गेलो तर त्याच्या वाट्याला आमच्याच तालुक्याच्या बाजारपेठेतलं दोन वर्षांपूर्वीचं कात्रण आलेलं, मी बघितलंच नव्हतं वाटताना. हळूच विचारतो, सर, कर्ता खरा लिहू का? आमच्या गल्लीतले आहेत.

मी म्हटलं, राहू दे, दुसरं कात्रण घे.

शिळी_बातमी

आमच्याकडे अशा वेळी 'दोन गटांत' लिहायचो. प्रेस कौन्सिलचा पण दंडक आहे, समाजाचं नाव घ्यायचं नाही म्हणून. वाचणाऱ्याला गट कुठले ते आडनावाशिवाय कळतंच. सर, ते पहिलं कात्रण जपून ठेवा, मुलाकडे देऊ नका.